स्पार्क प्लगची निवड (जुनी ट्रक इंजिने)

स्पार्क प्लगची निवड म्हणजे पेट्रोल, एलपीजी किंवा सीएनजी या इंधनांवर चालणाऱ्या इंजिनातील झिजलेल्या प्लगांच्या जागी योग्य मापाचे, योग्य उष्णता श्रेणीचे व योग्य फटीचे नवे प्लग ठरविण्याची क्रिया होय. नव्या वाहनांच्या बाबतीत हे काम पुस्तिकेतील क्रमांक पाहून पूर्ण होते. जुन्या ट्रकच्या बाबतीत मात्र मूळ क्रमांकाचे उत्पादन थांबलेले असू शकते, सिलिंडर हेड किंवा प्रज्वलन यंत्रणा मधल्या काळात बदललेली असू शकते, आणि इंधन व वापर हेही पूर्वीसारखे राहिलेले नसतात. त्यामुळे पर्यायी प्लग निवडताना कोणती बाब इंजिनाच्या रचनेने कायमची ठरलेली आहे आणि कोणती वापरानुसार बदलता येते, हे वेगवेगळे ओळखावे लागते. चुकीच्या प्लगमुळे इंधनाचा अपव्यय व मिसफायर होतात, तसेच पिस्टनला भोक पडणे किंवा सिलिंडर हेडचे आटे निकामी होणे असे मोठ्या खर्चाचे नुकसानही होऊ शकते.

## पार्श्वभूमी

डिझेल इंजिनात हवेच्या तीव्र संपीडनाने निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे इंधन पेट घेते. त्यामुळे त्यात स्पार्क प्लग नसतो. काही डिझेल इंजिनांत असणारा ग्लो प्लग हा थंड इंजिन सुरू करण्यासाठी ज्वलनकक्ष तापविणारा भाग असून त्यातून ठिणगी पडत नाही.

भारतातील बहुतेक ट्रक डिझेलवर चालत असल्याने ट्रक आणि स्पार्क प्लग हा संबंध मराठी वाचकाला अपरिचित वाटू शकतो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे मात्र हलके व मध्यम ट्रक, विशेषतः पिकअप या नावाने ओळखले जाणारे, प्रामुख्याने पेट्रोलवर चालत आले आहेत. फोर्डची एफ मालिका, शेव्हरोलेचे पिकअप आणि डॉज कंपनीचे ट्रक ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९५५ साली बाजारात आलेले शेव्हरोलेचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन आणि फोर्डचे ३०० घन इंचाचे सरळ सहा सिलिंडरी इंजिन (१९६५–१९९६) हे कित्येक दशके ट्रकमध्ये बसविले जात होते. अशी इंजिने असलेली वाहने आजही शेतीच्या व मालवाहतुकीच्या कामात वापरात आहेत.

## रचना व कार्य

स्पार्क प्लगचे चार मुख्य भाग असतात: मधला इलेक्ट्रोड, त्याभोवतीचा चिनी मातीसारखा दिसणारा ॲल्युमिनाचा निरोधक, बाहेरील आटेदार पोलादी कवच, आणि कवचाला जोडलेला वाकडा बाहेरील इलेक्ट्रोड. कॉइलकडून आलेला उच्च विद्युत दाब मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतो आणि दोन इलेक्ट्रोडांमधील फटीत ठिणगी पडते. या ठिणगीने सिलिंडरमधील इंधन व हवा यांचे मिश्रण पेटते. ठिणगीसाठी लागणारा दाब हजारो व्होल्टचा असतो. फट जितकी मोठी आणि सिलिंडरमधील वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वाढतो.

याच कारणाने प्लगमधील दोष बहुधा भाराखाली उघड होतो. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर नीट चालतो. परंतु माल भरून चढ चढताना सिलिंडरमधील दाब वाढतो, झिजून रुंदावलेल्या फटीत ठिणगी पडेनाशी होते आणि इंजिन अडखळू लागते.

ठिणगी निर्माण करण्याबरोबरच ज्वलनकक्षातील उष्णता बाहेर वाहून नेणे हेही प्लगचे कार्य आहे. निरोधकाच्या टोकाला लागलेली उष्णता कवच, आटे आणि बैठक यांतून सिलिंडर हेडमध्ये व तेथून शीतकारक पाण्यात जाते. प्लग नीट आवळलेला नसेल तर हा मार्ग खंडित होतो आणि योग्य श्रेणीचा प्लगही गरजेपेक्षा जास्त तापतो.

## इंजिनाच्या रचनेने ठरणारे निकष

पुढील बाबी सिलिंडर हेडच्या घडणीवर अवलंबून असतात. त्यांत तडजोड करता येत नाही.

### आट्यांचा व्यास

१४ मि.मी. हा सर्वाधिक प्रचलित व्यास आहे. जुन्या काही इंजिनांत १८ मि.मी. व्यासाचे प्लग असत. फोर्डच्या १९६० व १९७० च्या दशकांतील अनेक इंजिनांचा यात समावेश होतो. अलीकडच्या इंजिनांत १२ व १० मि.मी. व्यासाचे प्लगही आढळतात.

### आटेदार भागाची लांबी

बैठकीपासून आट्यांच्या शेवटापर्यंतच्या लांबीला तक्त्यांमध्ये 'रीच' म्हणतात. ९.५ मि.मी. (३/८ इंच), १२.७ मि.मी. (१/२ इंच) आणि १९ मि.मी. (३/४ इंच) ही नेहमीची मापे आहेत. एकाच व्यासाचे परंतु वेगवेगळ्या लांबीचे प्लग एकाच छिद्रात सहज फिरत जात असल्याने ही चूक बसविताना लक्षात येत नाही.

* लांबी जास्त असल्यास प्लगचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, तापून लाल होतात आणि मिश्रण अवेळी पेटवितात. उघड्या आट्यांवर काजळी बसल्यास प्लग परत काढताना हेडचे आटे खरडले जातात. काही इंजिनांत पिस्टन किंवा झडप प्लगवर आदळण्याचा धोका असतो.
* लांबी कमी असल्यास ठिणगी छिद्राच्या आत दबून राहते आणि ज्वलन नीट पसरत नाही. हेडचे उरलेले आटे काजळीने भरतात व पुढे योग्य लांबीचा प्लगही बसत नाही.

### बैठक

प्लगची बैठक दोन प्रकारची असते. सपाट बैठकीच्या प्लगला दाबला जाणारा पोकळ वॉशर असतो. निमुळत्या बैठकीच्या प्लगला वॉशर नसतो. त्याचा शंकूच्या आकाराचा भाग हेडमधील तशाच खोबणीत घट्ट बसतो. हे दोन प्रकार परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. निमुळत्या प्लगखाली वॉशर घालून काम भागविणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे वायूची गळती होते आणि उष्णता वाहून जाण्याचा मार्गही बिघडतो.

### षट्कोनी डोके व सभोवतालची जागा

शेव्हरोले स्मॉल ब्लॉकच्या सपाट बैठकीच्या प्लगांना १३/१६ इंची, तर नंतरच्या निमुळत्या बैठकीच्या प्लगांना ५/८ इंची पाना लागतो. एक्झॉस्टच्या नळ्या जवळून गेलेल्या असल्यास लहान डोक्याचा प्लग आवश्यक ठरतो.

## वापरानुसार ठरणारे निकष

### उष्णता श्रेणी

प्लगची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे त्याची उष्णता श्रेणी. निरोधकाचे आतील नाक लांब असल्यास उष्णतेला लांबचा मार्ग घ्यावा लागतो व टोक गरम राहते. अशा प्लगला 'गरम' प्लग म्हणतात. नाक आखूड असल्यास उष्णता लवकर निघून जाते. तो 'थंड' प्लग होय. ठिणगीच्या तापमानाशी किंवा तिच्या शक्तीशी या संज्ञांचा संबंध नाही.

टोकाचे तापमान सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सियस या दरम्यान राहणे अपेक्षित असते. खालच्या मर्यादेच्या वर टोकावरील काजळी आपोआप जळून जाते. त्याहून कमी तापमान राहिल्यास काजळी साचते, तिच्यातून विजेची गळती होते आणि ठिणगी पडत नाही. वरची मर्यादा बरीच ओलांडल्यास टोक निखाऱ्यासारखे तापते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटविते. या अकाली प्रज्वलनामुळे पिस्टनचा माथा थोड्याच वेळात वितळू शकतो. त्यामुळे दोन्ही चुका सारख्या गंभीर नाहीत. फार थंड प्लगमुळे इंजिन अडखळते व प्लग साफ करून किंवा बदलून दोष दूर होतो. फार गरम प्लगमुळे इंजिन निकामी होऊ शकते. दोन श्रेणींमध्ये शंका असल्यास थंड श्रेणीपासून सुरुवात करण्याचा प्रघात यावरूनच पडला आहे.

उत्पादकाने सांगितलेली श्रेणी हा आरंभबिंदू असतो. त्यात सहसा एका पायरीपेक्षा जास्त बदल केला जात नाही. एनजीके या जपानी कंपनीच्या माहितीनुसार एका पायरीने टोकाच्या तापमानात सुमारे ७० ते १०० अंश सेल्सियसचा फरक पडतो. सतत जड ट्रेलर ओढणे, संपीडन वाढविलेले इंजिन किंवा वायू इंधनाचा वापर या परिस्थितींत एक पायरी थंड प्लग वापरला जातो. थंड हवामानात थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या किंवा बराच वेळ जागीच चालू राहणाऱ्या ट्रकला एक पायरी गरम प्लग सोयीचा पडतो.

### फट

दोन इलेक्ट्रोडांमधील अंतर, म्हणजेच गॅप, प्रज्वलन यंत्रणेच्या ताकदीवर अवलंबून असते. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जुन्या यंत्रणेत ते सामान्यतः ०.०३० ते ०.०३५ इंच (सुमारे ०.७५ ते ०.९ मि.मी.) असे. जनरल मोटर्सने १९७५ च्या सुमारास आपल्या वाहनांत उच्च ऊर्जेची इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा सरसकट बसविण्यास सुरुवात केली. तेव्हापासून शेव्हरोलेच्या अनेक इंजिनांत ०.०४५ इंचाची (सुमारे १.१४ मि.मी.) फट ठेवली जाऊ लागली. मोठ्या फटीत ठिणगी लांब पडते आणि विरळ मिश्रणही पेटते. मात्र त्यासाठी समर्थ कॉइल लागते.

जुन्या ट्रकवर नंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविलेली असल्यास मूळ पुस्तिकेतील फट लागू राहत नाही. उलट, पॉइंटची यंत्रणा कायम असताना नव्या तक्त्यातील मोठी फट ठेवल्यास भाराखाली मिसफायर होतो. खोक्यावर 'फट आधीच ठेवलेली' असे छापलेले असले तरी प्रत्येक प्लग फीलर गेजने किंवा तारेच्या गेजने तपासला जातो. फट कमी-जास्त करताना केवळ बाहेरील इलेक्ट्रोड वाकविला जातो. मधल्या इलेक्ट्रोडवर जोर पडल्यास निरोधकाला तडा जातो.

### रेझिस्टर

प्लगच्या आत सुमारे ५,००० ओहमचा रेझिस्टर बसविलेला असल्यास ठिणगीमुळे रेडिओत येणारी खरखर कमी होते. इंजिनावर संगणकीय नियंत्रण असल्यास असा प्लग आवश्यक असतो, कारण विद्युत गोंगाटामुळे नियंत्रकाला चुकीचे संकेत मिळू शकतात. केवळ पॉइंट असलेल्या जुन्या इंजिनांचे मूळ प्लग बहुधा विनारेझिस्टरचे असत. त्या जागी रेझिस्टरयुक्त प्लग बसविता येतो. याउलट, संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनात विनारेझिस्टरचा प्लग बसविला जात नाही.

### इलेक्ट्रोडचा धातू

* निकेल मिश्रधातू: मधल्या इलेक्ट्रोडच्या गाभ्यात तांबे असल्याने याला बाजारात 'कॉपर प्लग' म्हणतात, परंतु ठिणगी पडते तो पृष्ठभाग निकेलचाच असतो. तांबे केवळ उष्णता वाहून नेते. हे प्लग स्वस्त असून साधारणपणे ३०,००० ते ५०,००० किलोमीटरपर्यंत टिकतात.
* प्लॅटिनम: याचा वितळणबिंदू १,७६८ अंश सेल्सियस आहे, तर निकेलचा १,४५५ अंश. झीज कमी होत असल्याने फट दीर्घकाळ स्थिर राहते.
* इरिडियम: याचा वितळणबिंदू २,४४६ अंश सेल्सियस आहे. इलेक्ट्रोड अतिशय बारीक ठेवता येत असल्याने ठिणगीला कमी दाब पुरतो. आयुष्य १,००,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त असते.

मौल्यवान धातूंचा मुख्य लाभ टिकाऊपणा हा आहे. निरोगी इंजिनाची शक्ती त्यामुळे लक्षणीय वाढत नाही. तेल जाळणाऱ्या जुन्या इंजिनात महाग प्लगही काजळीने तितक्याच लवकर निकामी होतो. म्हणून पॉइंटच्या यंत्रणेच्या व कार्ब्युरेटरच्या इंजिनात निकेलचा प्लग वेळोवेळी बदलणे किफायतशीर ठरते. प्लग काढण्यासाठी बराच खटाटोप करावा लागत असेल, तेथे दीर्घायुषी प्लगची जादा किंमत वसूल होते. ज्या यंत्रणेत एकच कॉइल दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते, तेथे निम्म्या प्लगांमध्ये वीज उलट दिशेने वाहते. म्हणून दोन्ही इलेक्ट्रोडांवर मौल्यवान धातू असलेले प्लग वापरले जातात.

## क्रमांकांचे वाचन

प्रत्येक कंपनीची सांकेतिक पद्धत वेगळी असून उष्णता श्रेणीचा आकडा वाढल्यावर प्लग गरम होतो की थंड, याबाबत एकवाक्यता नाही.

| कंपनी | आकडा वाढल्यास |
|---|---|
| एनजीके, डेन्सो | प्लग अधिक थंड |
| चॅम्पियन, ऑटोलाइट, एसीडेल्को | प्लग अधिक गरम |
| बॉश (जुनी पद्धत) | प्लग अधिक थंड |
| बॉश (नवी पद्धत) | प्लग अधिक गरम |

बॉशच्या बाबतीत जुन्या पुस्तिकांमुळे विशेष घोटाळा होतो. जुन्या पद्धतीतील डब्ल्यू१७५ श्रेणी नव्या पद्धतीत डब्ल्यू७ या आकड्याने, तर त्याहून थंड असलेली डब्ल्यू२२५ श्रेणी डब्ल्यू५ या आकड्याने दर्शविली जाते.

क्रमांकांची उकल पुढील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

* एसीडेल्को आर४५टीएस: 'आर' म्हणजे रेझिस्टर, '४' म्हणजे १४ मि.मी. आटे, '५' ही उष्णता श्रेणी, 'टी' म्हणजे निमुळती बैठक आणि 'एस' म्हणजे पुढे आलेले टोक. आर४३टीएस हा त्याच मापाचा परंतु थंड प्लग होय.
* एनजीके बीपीआर६ईएस: 'बी' म्हणजे १४ मि.मी. आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेला निरोधक, 'आर' म्हणजे रेझिस्टर, '६' ही उष्णता श्रेणी, 'ई' म्हणजे १९ मि.मी. लांबी आणि 'एस' म्हणजे तांब्याच्या गाभ्याचा प्रमाणित इलेक्ट्रोड.

दोन कंपन्यांच्या श्रेणी एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. पर्यायांचे तक्ते म्हणूनच केवळ जवळचा प्लग सुचवितात. अशा तक्त्यावरून घेतलेल्या प्लगची लांबी, बैठक आणि टोकाची ठेवण जुन्या प्लगशेजारी ठेवून ताडून पाहिली जाते.

## जुन्या प्लगांचे निरीक्षण

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवल्यास इंजिनाची अवस्था कळते. नवे प्लग ठरविण्यापूर्वी हे निरीक्षण करणे उपयुक्त असते.

| टोकाचे स्वरूप | संभाव्य कारण |
|---|---|
| फिकट तपकिरी किंवा करडे | ज्वलन व श्रेणी योग्य |
| कोरडी, मऊ, काळी काजळी | इंधनाचे प्रमाण जास्त, हवेची गाळणी तुंबलेली, किंवा प्लग फार थंड |
| ओले, तेलकट काळे | पिस्टन रिंग, झडपांचे तेलरोधक किंवा झडपांचे मार्गक झिजलेले |
| पांढरे, फोड आलेले | मिश्रण विरळ, प्रज्वलन फार आगाऊ, शीतकारक यंत्रणेत दोष, किंवा प्लग फार गरम |
| निरोधकाला तडा | नॉकिंग, किंवा फट ठेवताना पडलेला जोर |
| इलेक्ट्रोडच्या कडा गोलावलेल्या | नैसर्गिक झीज |

सर्व प्लग सारखेच काळे असल्यास दोष कार्ब्युरेटर किंवा श्रेणी यांत असण्याची शक्यता अधिक असते. एकच प्लग वेगळा दिसत असल्यास दोष त्या सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या तारेत असतो. तेलकट प्लगवर उपाय म्हणून गरम श्रेणीचा प्लग बसविण्याची रीत आढळते. त्यामुळे प्लग काही काळ कोरडा राहतो. परंतु मूळ झीज तशीच राहते आणि पुढे जड भाराखाली तोच प्लग अकाली प्रज्वलनास कारण होऊ शकतो.

जुन्या पुस्तिकांतील शिफारशी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. शिशाची पिवळसर पुटे तापल्यावर वीजवाहक बनत व प्लग निकामी करीत. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९६ पासून बंद झाली, तर भारतात ती २००० सालापर्यंत संपुष्टात आली. शिसे नसलेल्या इंधनात ही पुटे बसत नाहीत, म्हणून आजच्या प्लगांवरील खुणांचे वाचन जुन्या रंगीत तक्त्यांशी पूर्णपणे जुळत नाही.

## काही इंजिनांची उदाहरणे

### विलीज जीप

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या चार सिलिंडरी इंजिनास चॅम्पियन जे८ हा प्लग सुचविला जाई. त्याचे आटे १४ मि.मी. व्यासाचे व ३/८ इंच लांबीचे असून फट ०.०३० इंच ठेवली जाते. इंजिनाचे संपीडन कमी असल्याने व प्रज्वलन यंत्रणा साधी असल्याने येथे साधा निकेलचा प्लग पुरेसा असतो.

### शेव्हरोले स्मॉल ब्लॉक

या इंजिनाच्या सुरुवातीच्या हेडमध्ये सपाट बैठकीचे, तर १९७० च्या दशकाच्या आरंभापासूनच्या हेडमध्ये निमुळत्या बैठकीचे प्लग बसतात. इंजिनाचा मूळ ढाचा दीर्घकाळ तसाच राहिल्याने एका वर्षाच्या इंजिनावर दुसऱ्या वर्षाची हेड सहज बसतात. बाजारात मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बहुधा १९ मि.मी. लांबीचा, सपाट बैठकीचा प्लग लागतो. म्हणून ट्रकच्या उत्पादनवर्षावरून प्लग मागणे येथे पुरेसे नसते. प्रत्यक्ष बसविलेली हेड ओळखावी लागतात. या इंजिनाचा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. शेजारी असलेले ५ व ७ हे सिलिंडर लागोपाठ पेटत असल्याने त्यांच्या तारा समांतर व चिकटून नेल्यास एकीतील विजेचा परिणाम दुसरीवर होतो. अशा वेळी प्लग निर्दोष असूनही मिसफायर होतो.

### फोर्ड ट्रायटन

फोर्डच्या एफ मालिकेत १९९७ पासून आलेल्या दोन झडपांच्या ट्रायटन इंजिनांपैकी सुरुवातीच्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगसाठी फारच थोडे आटे होते. त्यामुळे प्लग ढिला होऊन आट्यांसह उडून जाण्याच्या घटना घडल्या. अशा हेडमध्ये पोलादी आतली नळी बसवून आटे पुन्हा तयार केले जातात.

एफ-१५० ट्रकच्या २००४ ते २००८ या काळातील ५.४ लिटर, तीन झडपांच्या इंजिनात प्रश्न उलटा होता. त्याच्या प्लगचे कवच दोन भागांचे असून खालचे लांब, बिनआट्यांचे आवरण काजळीने हेडमध्ये घट्ट धरले जाई आणि प्लग काढताना तुटून आत राही. फोर्डने यासाठी सेवाकेंद्रांना कार्यपद्धती ठरवून दिली. तीनुसार इंजिन थंड असताना प्लग किंचित ढिला करून त्याभोवती काजळी विरघळविणारा द्रव सोडला जातो व काही वेळाने प्लग पुढेमागे फिरवीत सावकाश काढला जातो. पुढे या इंजिनांसाठी एकसंध कवचाचे पर्यायी प्लग बाजारात आले. नवा प्लग निवडताना त्याची ठिणगी कशी आहे यापेक्षा तो पुढच्या वेळी अखंड निघेल का, हा निकष महत्त्वाचा ठरल्याचे हे उदाहरण आहे.

## बसविण्याची पद्धत

* प्लग काढण्यापूर्वी इंजिन थंड होऊ दिले जाते. ॲल्युमिनियमच्या हेडबाबत ही काळजी विशेष घ्यावी लागते, कारण गरम असताना त्याचे आटे लवकर खरडले जातात.
* छिद्राभोवतीची माती हवेच्या झोताने उडविली जाते, अन्यथा ती सिलिंडरमध्ये पडते.
* तारा ओढून न काढता टोपी धरून काढल्या जातात व त्यांवर सिलिंडरचे क्रमांक लिहिले जातात.
* नवा प्लग सुरुवातीस हाताने फिरविला जातो. आटे तिरके गेल्यास लगेच अडथळा जाणवतो. पाना लावल्यास ही जाणीव नाहीशी होते.
* अखेरची आवळणी टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे केली जाते. पाना उपलब्ध नसल्यास वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यानंतर साधारण १/२ ते २/३ फेरा, तर निमुळत्या बैठकीचा प्लग केवळ १/१६ फेरा आवळला जातो.
* आट्यांना ग्रीस किंवा तत्सम लेप लावल्यास घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कमध्ये प्लग जास्त आवळला जातो. मुलामा दिलेल्या प्लगांच्या आट्यांना लेप लावू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. वर उल्लेखिलेल्या तीन झडपांच्या फोर्ड इंजिनात लेप सुचविलेला आहे. परंतु तो आट्यांना नव्हे, तर खालच्या लांब आवरणास.
* प्लगांचा पूर्ण संच एकाच वेळी बदलला जातो. एका इंजिनात वेगवेगळ्या श्रेणींचे प्लग ठेवल्यास पुढील निरीक्षण निरुपयोगी ठरते.

## प्रचलित गैरसमज

'गरम' प्लगची ठिणगी अधिक जोरकस असते, हा समज चुकीचा आहे. ही संज्ञा केवळ टोकाच्या तापमानाची आहे. बाहेरील इलेक्ट्रोड दोन किंवा चार असल्यास तितक्या ठिणग्या एकाच वेळी पडतात, हेही खरे नाही. ठिणगी त्या क्षणी सर्वांत सोप्या वाटेने, एकाच इलेक्ट्रोडकडे जाते. जादा इलेक्ट्रोडांमुळे झीज विभागली जाऊन आयुष्य वाढते. सर्वांत महाग प्लग सर्वांत चांगला, हा समजही जुन्या इंजिनांच्या बाबतीत टिकत नाही. ज्या इंजिनाची रचना निकेलच्या प्लगसाठी झाली आहे, त्यात योग्य मापाचा व श्रेणीचा साधा प्लग अपेक्षित काम पूर्णपणे करतो.

## भारतातील संदर्भ

भारतात ट्रकचे डिझेलीकरण होण्यापूर्वी पेट्रोल ट्रक सर्वत्र होते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत वाहनांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज ट्रक तयार होऊ लागले. त्याच वर्षी महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५४ मध्ये टाटा व डाइम्लर-बेन्झ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल ट्रकचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काळात पेट्रोल ट्रक मागे पडले. जबलपूर येथील वाहन निर्माणीत सैन्यासाठी बनविलेली जोंगा ही गाडी मात्र निसानच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनावर चालत असे. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा आणि जुन्या पेट्रोल जीप हौशी संग्राहकांकडे आजही आढळतात.

१९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने बॉशच्या सहकार्याने भारतात स्पार्क प्लगांचे उत्पादन केले. 'मायको' या नावाने हे प्लग गॅरेजांमध्ये घरोघरीच्या वस्तूइतके परिचित झाले. त्या काळातील वाहनपुस्तिकांत बॉशच्या जुन्या पद्धतीचे क्रमांक आढळत असल्याने वर दिलेला आकड्यांच्या उलट क्रमाचा मुद्दा भारतातील जुन्या वाहनांनाही लागू पडतो.

सीएनजीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांमुळे स्पार्क प्लग भारतीय मालवाहतुकीत पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. वायू व हवा यांच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षा जास्त विद्युत दाब लागतो. म्हणून पेट्रोलचे जुने इंजिन वायूवर चालविताना फट थोडी कमी ठेवली जाते आणि प्लग बदलण्याचा कालावधीही कमी धरला जातो.

## हेही पाहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* कार्ब्युरेटर
* डिझेल इंजिन
* सीएनजी